मोठ्या बाकावरचं आमेन

"आमेन," कुणीतरी मनापासून म्हणालं. त्यामागोमाग पाठच्या बाकांवरून "होय, होय", "आमेन" असे चार-पाच आवाज उठले, आणि ड्रेपरसाहेबांनी दोन्ही हात वर करून कॅमेरा थांबवला.

पहिल्यांदा कोण बोललं ते पाहायला इडवाल पॅरीनेही इतरांसारखीच मान वळवली. पण सगळं चॅपल त्याच्याचकडे बघत होतं. शेजारी बसलेल्या गीटो टपालवाल्याचं तर तोंड उघडंच राहिलं होतं. तेव्हा कुठे इडवालच्या लक्षात आलं, की आपले ओठ अजून पुरते मिटलेले नाहीत.

"चूक झाली," तो म्हणाला.

लंडनहून आलेले ड्रेपरसाहेब या सिनेमाचे दिग्दर्शक. गावात पाऊल ठेवल्या दिवसापासून त्यांना सर्दी झाली होती. चिडले की हा माणूस आवाज चढवायचा नाही, उलट आणखीच सभ्य व्हायचा. ते मोठ्या बाकापाशी आले, रुमालाने नाक पुसलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "मिस्टर पॅरी, समोर उभा आहे तो माणूस खुनी आहे. आणि हे गावाला आता कळलेलं आहे. खुन्याच्या प्रवचनाला कुणी आमेन म्हणतं का?"

 गीटोकडे उत्तर कधी नसायचं?

"साहेब, ह्या माणसाने दहा वर्षांत देवाला आमेन म्हटलेलं नाही. तुमच्या खुन्याला म्हटलं. तुम्ही तर पेढे वाटायला हवेत."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बायकांच्या बाकावरून इडवालची बायको नेस्टा गीटोकडे अशी बघत होती, की त्याने मान खाली घालून उगाचच आपल्या बुटाची नाडी तपासली.

ड्रेपरसाहेबांनी चहाची सुट्टी दिली.

सिनेमाची गोष्ट अशी होती. युद्धात हाती लागलेल्या कैद्यांना ओळीत उभं करून गोळ्या घालणारा एक अधिकारी युद्ध संपल्यावर नाव बदलतो आणि आल्प्सच्या डोंगरातल्या एका खेड्यात पाद्री होऊन राहतो. लंडनचा एक गुप्तहेर त्याचा माग काढत येतो. आल्प्सपर्यंत जायचं बळ काही कंपनीत नव्हतं. म्हणून उत्तर वेल्समधलं, पाटीच्या दगडाच्या खाणींचं हे गाव आल्प्स झालं होतं. डोंगर इथेही होते, धुकं तर फुकटच होतं, आणि गावकऱ्यांनी आपसात आपली वेल्श भाषा बोलायची होती, कारण लंडनच्या प्रेक्षकाला ती कुठलीही परकी भाषा म्हणून खपली असती. आदल्या दिवशी बाजाराच्या दृश्यात दोन आल्प्सवासी म्हातारे गंभीर चेहऱ्याने, मॉर्गनच्या मेंढ्या परत कुणाच्या कोबीत शिरल्या, यावर बोलत होते. साहेबांना ते फार आवडलं होतं.

आजचं दृश्य मात्र सिनेमातलं मुख्य होतं. गावाला सगळं कळलेलं आहे. पाद्री शेवटचं प्रवचन करतो आहे. त्याचा आवाज चढत जातो आणि समोर सगळं गाव दगडासारखं बसलेलं. कुणी हूं नाही की चूं नाही. त्या शांततेतूनच त्याला उमगतं, आणि मग दार उघडून गुप्तहेर आत येतो.

चूक झाली ती इथेच. या डोंगरांत प्रवचन नुसतं बोलत नाहीत. चांगला प्रवचनकार हळू, जवळजवळ कंटाळवाणी सुरुवात करतो, मग शब्द तापत जातात, आणि एका क्षणी ते बोलणं राहतच नाही, गाणं होतं. तो क्षण आला की व्यासपीठाखालच्या मोठ्या बाकावर बसलेले चॅपलचे वडीलधारे त्याला साथ करतात. "आमेन." "होय." "त्याचा महिमा." याला तिथे भरवणं म्हणतात. प्रवचनकाराला श्वास घ्यायला जागा द्यायची आणि घासामागून घास द्यायचा. भरवणारा बरोबर मिळाला तर साधा माणूससुद्धा अर्धा तास आभाळात राहतो, आणि न मिळाला तर मोठमोठे जिन्याची पायरी चुकल्यासारखे खाली येतात.

आणि इडवाल पॅरी हा भरवणाऱ्यांत पहिला. खाणीच्या शेडमध्ये आयुष्यभर पाट्या फोडलेला माणूस. बोलायला तसा मुखदुर्बळ. पण प्रवचनाचा असा नाद, की तरुणपणी एखादा गाजलेला पाद्री खिंडीपलीकडे आलेला कळला, की हा रविवारची भाकरी खिशात घालून पहाटे निघायचा. सोमवारी खाणीतल्या जेवणाच्या खोलीत सगळे डबे सोडून त्याच्याभोवती बसत, आणि तो ते प्रवचन, पाद्री कुठे थांबला, कुठे सूर उचलला, कुठे रडवलं, असं चालीसकट सांगायचा. त्याचं आमेन मोठं नसे. पण ते पडल्याशिवाय दुसरं कुणी तोंड उघडत नसे.

मग टेगिड गेला. एकुलता एक. युद्धात पकडला गेला होता, आणि फ्रान्समधल्या एका विटांच्या भट्टीमागे इतर कैद्यांबरोबर त्याला गोळी घातली गेली. कुणी हुकूम दिला ते कळलं नाही. काही वर्षं शोध चालला, मग तो थांबवल्याचं सांगण्यात आलं. बातमी आली त्याच रविवारी प्रवचन होतं देवाच्या दयेवर. पाद्री भला माणूस, जीव ओतून बोलला, सुरात आला, ठरल्या जागी थांबला. सगळ्यांनी इडवालकडे पाहिलं. इडवाल समोरच्या लाकडाकडे बघत बसला होता. त्या दिवसापासून त्याने एक रविवार चुकवला नाही आणि एक आमेन म्हटलं नाही. चॅपलही त्याच्याबरोबर गप्प झालं. दुसऱ्या कुणी भरवायचं म्हणजे त्याच्या दुःखावर पाय देऊन पुढे जाण्यासारखं होतं. या गावात तसं कुणी करत नाही.

सिनेमात तो आला तो याच दृश्यासाठी. नेस्टाने विचारलं होतं, तुम्हाला कशाला हव्यात ह्या सोंगाढोंगाच्या गोष्टी. तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "असल्या माणसासमोर गप्प बसायचंय ना? ते मला जमेल."

तेही जमलं नव्हतं.

वरच्या खाणीचं हे छोटं चॅपल आता एरवी बंदच असायचं; रविवारची प्रवचनं खाली गावातल्या चॅपलमध्ये होत. बाहेर दगडी कुंपणाच्या आडोशाला नेस्टा आणि इतर बायका चहा आणि मनुका घातलेला पाव वाटत होत्या. इडवाल कपही न घेता पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. टेगिडच्या मारेकऱ्याला आपण घास भरवला, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घण घालत होता. सोंग होतं हे खरं. पण तोंडातून निघालं ते सोंग नव्हतं.

थोड्या वेळाने तो नटच दोन कप घेऊन त्याच्याकडे आला. पाद्र्याची पांढरी कॉलर, वरून कुणाचा तरी मोठा ओव्हरकोट. त्याचं नाव एगॉन टाउसिग. मध्य युरोपातल्या मोराव्हिया प्रांतातला ज्यू. युद्धाच्या आदल्या वर्षी लंडनला आलेला आणि उच्चार परका म्हणून तेव्हापासून पडद्यावर जर्मन अधिकारीच झालेला. हे तो स्वतःच हसत सांगायचा. म्हणायचा, माझ्या घरच्या माणसांना ज्यांनी मारलं त्यांचे कपडे घालून माझं घर चालतं. शिंपी तर म्हणतो, तुम्हाला बसतातही छान.

आता मात्र तो हसत नव्हता. "मिस्टर पॅरी, तुमच्या बायकोने मला सांगितलं," तो म्हणाला. "मला माफ करा."

"तुम्ही काय केलंत?" इडवाल म्हणाला. "तुमचं काम केलंत. चांगलं केलंत. तेच तर झालं."

"नाही. मी थोडी लबाडी केली." त्याने कप भिंतीवर ठेवला. "प्रवचन कसं करतात ते मला काय ठाऊक? म्हणून मागच्या रविवारी तुमच्या चॅपलमध्ये मागे येऊन बसलो. तुमचे पाद्री शेवटी गायला लागले आणि माझ्या अंगावर काटा आला. माझे वडील आमच्या मंदिरात प्रार्थना गात. तोच त्यांचा धंदा. तसेच हळूच सुरू करायचे, तसेच चढायचे. आज मला सूर सापडेना, तेव्हा मी त्यांचा घेतला. त्यांची चाल, आणि वर या खुन्याचे शब्द." तो म्हणाला, "तेव्हापासून विचार करतोय, की हे मी कुणाला उसनं दिलं."

इडवालने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर रंग होता. रंगाखाली माणूस थकलेला होता.

"वडील कुठे असतात?"

"नाहीत. आई नाही, बहीण नाही. कुठे, कधी, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही."

इडवालने कप उचलला. चहा निवला होता, तरी तो प्यायला. मग म्हणाला, "तुमच्यातही आमेन म्हणतात?"

"तुम्ही लोकांनी आमच्याकडूनच नेलंय ते," टाउसिग म्हणाला, आणि दोघेही किंचित हसले. "आमची मेलेल्यांसाठी एक प्रार्थना आहे. ती एकट्याने म्हणायचीच नाही असा नियम. म्हणणारा एक आणि आमेन म्हणणारे दुसरे. ते नसतील तर प्रार्थना होतच नाही. गंमत म्हणजे तिच्यात मेलेल्याचं नाव नाही, मरण हा शब्दसुद्धा नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती देवाची स्तुती."

"मग तुम्ही म्हटलीत, वडिलांसाठी?"

"नाही," टाउसिग म्हणाला. "स्तुती करावीशी वाटली नाही."

 इडवाल कोपऱ्यातून पुढे सरकून टाउसिगच्या शेजारी, भिंतीला टेकून उभा राहिला. दोघे तसेच उभे होते तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

ड्रेपरसाहेबांनी फैसला करून ठेवला होता. खिडकीतला उजेड उतरत चालला होता आणि फिल्म एकाच खेपेपुरती उरली होती. उद्या सगळे लंडनला परत. म्हणून मिस्टर पॅरींनी कृपा करून मागे, दाराशी बसावं.

इडवालने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्याने टोपी हातात घेतली आणि ती फिरवत म्हणाला, "साहेब, मला इथेच बसू द्या. माझा मुलगा असल्याच एका माणसाने मारला. तो माणूस काही सापडला नाही. एकदा त्याच्यासमोर बसून मला गप्प राहायचंय."

साहेबांनी नाक पुसलं. बराच वेळ पुसलं. मग म्हणाले, "आणि परत तोंडून निघालं तर?"

"तर तुमचा सिनेमा बुडेल."

"बसू द्या त्यांना," व्यासपीठावरून टाउसिग म्हणाला. "आणि मी सूर बदलतो. साधं बोलतो, म्हणजे त्रास नको."

"मुळीच नाही," ड्रेपरसाहेब म्हणाले. "मला मघाचाच सूर हवा आहे. तो नसेल तर ह्या दृश्यात राहिलं काय?"

टाउसिगने वरून इडवालकडे पाहिलं, परवानगी विचारावी तसं. इडवालने मान हलवली.

कॅमेरा सुरू झाला. टाउसिगने हळू आवाजात सुरुवात केली. डोंगरांविषयी काहीतरी होतं, रात्री दार ठोठावणाऱ्या पांथस्थाविषयी, त्याला नाव न विचारता आत घेणाऱ्यांविषयी. शब्द अगदी बेतशीर होते. लंडनच्या कुण्या लेखकाने चहा पिता पिता लिहिले असावेत. पण हळूहळू त्यांच्याखालून ती चाल वर येऊ लागली. मघाशी इडवालला ती फक्त ओळखीची वाटली होती. आता ती कुणाची आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि त्यामुळे काम दुप्पट अवघड झालं होतं. तो कॉलरकडे बघत राहिला. कॉलर, काळा कोट, बटणं. विटांची भट्टी. टेगिडचे लांब हात, जे कुठल्याच बाहीत पुरत नसत.

आवाज चढला. खिडकीच्या काचा बारीक थरथरल्या. मग श्वासाची ती जागा आली, जिथे म्हणणारा थांबतो आणि ऐकणाऱ्याने उचलायचं असतं. टाउसिग थांबला. पाठीमागे सगळं चॅपल श्वास धरून बसलेलं इडवालला पाठीनेच कळत होतं. त्याने म्हटलं असतं तर सगळ्यांनी म्हटलं असतं. त्याने जीभ टाळूला लावली, दात आवळले आणि गुडघ्यांवरचे हात तसेच ठेवले.

काही झालं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. ती शांतता व्यासपीठापर्यंत चढत गेली, आणि टाउसिगचा पुढचा शब्द निघाला तो फाटका निघाला. त्याने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. ज्याला कुणी घास दिला नाही अशा माणसासारखे त्याचे हात व्यासपीठाच्या कडेवर चाचपडले. दार उघडलं.

"झालं," ड्रेपरसाहेब म्हणाले आणि चक्क खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांनी टाउसिगचा हात हातात घेतला, मग इडवालचा. असला चेहरा, ते म्हणाले, आपल्याला लंडनमध्ये शोधूनही मिळाला नसता. हा माणूस तो चेहरा आणतो तरी कुठून?

"आणायला कशाला जायला लागतंय," नेस्टा शाल गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "दहा वर्षं रोज जेवताना माझ्यासमोर असतो तो."

ती हे थट्टेने म्हणाली होती, निदान सुरुवात तरी तशी केली होती. पण वाक्य संपेपर्यंत तिचा आवाज बदलला, आणि ती पावाची टोपली उचलून बाहेर निघून गेली.

लोक पांगले. तारा गुंडाळल्या गेल्या, दिवे विझले. किल्ली इडवालकडे होती, म्हणून तो मागे राहिला. जिंकल्यासारखं काही वाटेल असं त्याने धरलं होतं. तसं काही वाटलं नव्हतं. टेगिड जिथे होता तिथेच होता. खुन्याला काही झालं नव्हतं. तो कुठेतरी आपल्या घरी बसून संध्याकाळचं जेवण करत असेल. या सगळ्या खटाटोपात न भरवलेला राहिला होता तो फक्त एक म्हातारा, जो मोराव्हियातल्या कुठल्याशा मंदिरात गात असे आणि ज्याने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

तो आत वळला तर टाउसिग एका बाकावर बसला होता. ओव्हरकोट अंगावर होता. कॉलर काढून त्याने बाजूला ठेवली होती.

"कुलूप लावायचंय का?" त्याने विचारलं.

"घाई नाही." इडवाल मोठ्या बाकावर आपल्या जागी जाऊन बसला.  मग म्हणाला, "ती तुमची प्रार्थना. आमेन म्हणणारे किती लागतात?"

"दहा पुरुष. आमचे." टाउसिग हसला. "तुम्ही एक. आणि तेही मेथडिस्ट ख्रिस्ती. वडिलांना हा हिशेब अजिबात पटला नसता."

"ते रागावले असते?"

"खूप." त्याने रिकाम्या व्यासपीठाकडे पाहिलं. "पण आधी त्यांनी तुमचं आमेन ऐकून घेतलं असतं. चांगल्या आवाजापुढे ते विरघळायचे."

"माझ्याही मनात स्तुती नाही," इडवाल म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण म्हणणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, एवढं मला येतं. ते तरी करू."

टाउसिग उठून उभा राहिला. कोटाची बटणं लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. "तुमच्या मुलाचं नाव काय?"

"टेगिड," इडवाल म्हणाला. हे नाव त्याने मोठ्याने उच्चारलेलं कित्येक वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

"माझे वडील लेओपोल्ड."

मग त्याने सुरू केलं. हळू, जवळजवळ कंटाळवाणं, असंच. शब्द इडवालला एकही कळत नव्हता. त्याची गरजही नव्हती. चाल चढली, वळली, आणि पहिल्या जागेपाशी येऊन थांबली. टाउसिगने डोळे मिटून घेतले होते.

"आमेन," इडवाल म्हणाला. मोठ्याने नाही.

दारापाशी टोपली खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि तिथून नेस्टाने म्हटलं. तिच्यामागे, उंबऱ्याबाहेर, गीटोने म्हटलं. टोपी काढून तो एकदम गरीब दिसत होता.

खाली रस्त्यावर लंडनच्या मंडळींना मुक्कामी नेणारी बस हॉर्न वाजवत होती. टाउसिगने ऐकलं असेल, पण तो थांबला नाही. प्रार्थना बरीच बाकी होती. दुसऱ्या जागेला घास मिळाला, तिसऱ्या जागेला मिळाला. हॉर्न आणखी एकदा वाजला. मग चॅपलच्या उघड्या दारातून आवाज खालपर्यंत गेला असावा, कारण ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.